क्रॅन्स्टनचं नाव घेऊन लोकांना नोकऱ्या सोडायला लावू नका

उंटावरचा_शहाणा

काल सकारात्मक_सचिन यांनी एक धागा टाकला होता, "५२ वर्षांपर्यंत अपयशी असलेला माणूस". ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रायन क्रॅन्स्टन नावाचा एक नट होता, कुत्रं विचारत नव्हतं, पन्नाशी उलटेपर्यंत धक्के खात होता, मग ब्रेकिंग बॅड ही मालिका मिळाली, एमीवर एमी मिळाले (तिकडचे टीव्हीचे मोठे पुरस्कार), म्हणून तुम्हीही राजीनामा टाईप करायला घ्या, वय हा फक्त आकडा असतो. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी तिथं दोन ओळी खरडल्या तर "निगेटिव्ह माणसांपासून लांब राहतो" म्हणून विषय बंद. म्हणून हा वेगळा धागा. लांबलंय, चहा घेऊन बसा.

अपयशी म्हणजे नक्की काय हो? १९८३ ला एबीसी ह्या अमेरिकन चॅनेलची 'लव्हिंग' ही रोजची मालिका सुरू झाली तेव्हापासून हा माणूस तिच्यात होता. नंतर साइनफेल्ड मालिकेतला डेंटिस्ट. सेव्हिंग प्रायव्हेट रायनमध्ये एक हात नसलेला कर्नल. १९९८ ला एक्स-फाइल्सचा अख्खा एक भाग ह्याच्या खांद्यावर. आणि २००० ते २००६ माल्कम इन द मिडलमधला बाप, सात सीझन, १५१ भाग, फॉक्सवर, तीन वेळा एमीचं नामांकन. असं अपयश कुठं मिळत असेल तर मला दोन किलो बांधून द्या. तो स्वतः सांगतो की पंचविशीपासून अभिनय सोडून दुसऱ्या कशावर पोट भरायची वेळ आली नाही, ह्याचाच त्याला सगळ्यात जास्त अभिमान आहे. पंचविशीपासून! म्हणजे ब्रेकिंग बॅडच्या आधी पंचवीस-सव्वीस वर्षं घर चालत होतं. मोठा स्टार नव्हता, इतकंच. स्टार नसणं आणि अपयशी असणं ह्यात फरक आहे, आणि तो फरक गाळला की फॉरवर्ड तयार होतो.

आता खरी गोष्ट, जी सचिन यांनी सोयीस्कर गाळली. ह्याचा बाप, नाव जो क्रॅन्स्टन, तोही नटच होता. त्यालाही स्टारच व्हायचं होतं, मधलं काही चालणार नव्हतं. ते जमलं नाही आणि ब्रायन ११ वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला, पुढची दहाएक वर्षं पोरांना दिसला नाही. आई दारूच्या आहारी. घर जप्त. ब्रायन आणि त्याचा भाऊ कॅलिफोर्नियातच युकायपाला आजी-आजोबांच्या कोंबड्यांच्या फार्मवर. म्हणजे एकाच घरात दोन माणसं, स्वप्न एकच, एकाचं जमलं आणि दुसऱ्याच्या पायी अख्खं घर बसलं. बापावर फॉरवर्ड कोण बनवणार? त्यानेपण स्वप्न सोडलं नव्हतंच की!

मला राग का येतो तेही सांगतो. माझ्या दाजींनी ४६ व्या वर्षी कंपनीतली सुपरवायझरची नोकरी सोडली, "मुंबईला जाऊन ॲक्टिंग करतो" म्हणून. व्हॉट्सॲपवर असलेच मेसेज पाठवायचे, त्यात हा क्रॅन्स्टनपण होता. तीन वर्षं झाली. भाचीची फी कोण भरतं ते विचारू नका.

सकारात्मक_सचिन

माझं नाव घेऊन धागा काढलात, धन्यवाद, तेवढीच प्रसिद्धी.

पहिली गोष्ट, मी कुठेही "नोकरी सोडा" असं लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. दुसरी गोष्ट, तुम्हीच लिहिलंय की बाप सोडून गेला, घर जप्त झालं. वर पोरगा कोंबड्या कापायला शिकला. ह्यातून वर आलेल्या माणसाला स्ट्रगल केलेला म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं? ट्रकमध्ये माल भरलाय त्याने, सिक्युरिटी गार्डचं काम केलंय, लग्नं लावलीत लोकांची पैसे घेऊन. शिकत होता पोलिसांचा कोर्स, नाटक हा नुसता जोडविषय, आणि तिथं पहिल्याच सीनमध्ये एका मुलीचं चुंबन घ्यायचं निघालं नि गडी पोलीस व्हायचं विसरला. मग भावाबरोबर मोटरसायकलवर अमेरिका फिरला, दोन वर्षं, कुठं तंबूत कुठं काय. ब्लू रिज पर्वतात सहा दिवस पावसात अडकला, सोबत नाटकांचं पुस्तक होतं, इब्सेन वाचता वाचता ठरवलं की हेच करायचं. पुढे मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात केली. मूळव्याधीच्या! तुमच्या माझ्यासारख्याने केली असती का? उद्या ऑफिसात तोंड कसं दाखवू म्हणून बसलो असतो.

आणि हो, तुमच्या दाजींचं वाईट वाटलं. पण घरातला राग इथं काढायचा आणि वर त्याला विश्लेषण म्हणायचं, हे काही पटलं नाही.

शंकासुर

दोघंही चुकताय. ब्रेकिंग बॅड २० जानेवारी २००८ ला लागलं, क्रॅन्स्टनचा जन्म ७ मार्च १९५६ चा. म्हणजे ५१. पायलट, म्हणजे पहिला भाग, तर त्याच्याही आधी शूट झाला. ५२ हा आकडा कुठून आला? एमी चार, २००८, ०९, १० आणि २०१४, मुख्य भूमिकेचे. बाकी चालू द्या.

कोल्हापुरी_ठसका

आला का शंकासुर. लग्नात अक्षता पडल्या की हा मुहूर्ताला दोन मिनटं उशीर झाला म्हणून सांगणार.

रसायन_बाई

मी २२ वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे ह्या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते. क्रॅन्स्टन यशस्वी की अयशस्वी ते तुम्ही ठरवा. पण ब्रेकिंग बॅडमध्ये त्याने जो केमिस्ट्रीचा मास्तर उभा केला, वॉल्टर व्हाइट, पुढे निळं ड्रग बनवणारा, तो बघून मी पहिल्या भागातच रडले होते. शाळा सुटल्यावर तो गाड्या धुवायच्या दुकानात काम करतो आणि त्याचाच विद्यार्थी समोर, टायर पुसणाऱ्या सरांचा फोटो काढतोय. लोक पुढचं ड्रग्ज नि मारामाऱ्या आठवतात. मला ते टायर आठवतं. कारण आमच्याकडे विनाअनुदानितवर असताना माझे एक सहकारी संध्याकाळी पोळी-भाजी केंद्राचे डबे पोचवायचे आणि एकदा दार विद्यार्थ्यानेच उघडलं. सरांनी तो रूटच बदलून घेतला.

आता हे विषयाला सोडून आहे पण लिहितेच. निवडणुकीची ड्युटी आम्ही, जनगणना आम्ही, वर कॉलेजातली कार्टी दरवर्षी विचारणार "मॅडम, तुम्हालापण येतं का हो ते निळं बनवायला?" हसण्यावारी नेते. एकदा प्राचार्यांनी पण विचारलं तेव्हा नाही हसले.

आणि इथल्या समस्त पुरुष मंडळींना एक विचारायचंय. नवरा दोन दोन दिवस गायब, खोटं बोलतो, घरात विष आणतो, आणि शिव्या मात्र त्याच्या बायकोला, स्कायलरला? ते काम करणाऱ्या ॲना गनला शेवटी ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहायला लागला की लोक माझ्या पात्राचा एवढा द्वेष का करतात. ह्याच धाग्यात बघा, दाजी नोकरी सोडून गेले, सगळे बोलताहेत नटावर. ताईला काय वाटतं कुणी विचारलंय?

कोल्हापुरी_ठसका

बाई, स्कायलर डोक्यात जाते ते जाते, त्याला आमचा इलाज नाही. बाकी सगळं मान्य.

रसायन_बाई

"डोक्यात जाते". बरं. त्या बाईला त्याच कामासाठी दोन एमी मिळालेत, लागोपाठ. बसा आता.

तिसरा_हवालदार

इथं सहसा लिहीत नाही, वाचतो फक्त. पण हा माझा धंदा आहे म्हणून लिहितो. मी मालिकांमध्ये छोटी कामं करतो, अकरा वर्षं झाली. नाव सांगून उपयोग नाही, तुम्ही ओळखणार नाही, चेहरा बघितला तर "कुठंतरी पाहिलंय" म्हणाल. जास्त करून पोलीस. इन्स्पेक्टर कधी तरी, नाही तर हवालदार, त्यातही तिसरा. पहिला बोलतो, दुसरा मान हलवतो, तिसरा जीपजवळ उभा.

शहाणे साहेबांचं बरोबर आहे पण त्यांनी मुद्दा अर्धा सोडला. क्रॅन्स्टन पंचवीस वर्षं छोटी कामं करून घर चालवू शकला ते कशामुळे? तिकडं जाहिरात पुन्हा लागली की नटाला पैसे, मालिकेचा भाग पुन्हा दाखवला की पैसे. म्हणजे मूळव्याधीची जाहिरात लोक हसण्यावारी नेतात पण त्या एका जाहिरातीवर घरभाडं निघत असणार हो. मी एका पेनकिलरच्या जाहिरातीत होतो, कंबर धरून उठणारा माणूस, दोन वर्षं चालली ती, बसच्या मागे माझी कंबर फिरत होती. मला मिळाले एकदाच, तेही काम आणून देणाऱ्या कोऑर्डिनेटरने त्याचा वाटा कापून.

आता आमचं कसं असतं ते ऐका. कॉलटाइम सकाळी सातचा. सात म्हणजे सात, उशीर झाला तर पुढच्या वेळी फोन नाही. सीन लागतो रात्री साडेदहाला कारण हिरॉइनचं दुसरीकडे शूट. तोपर्यंत वर्दी घालून बसायचं. वर्दी भाड्याची असते, काखेत आधीच्या माणसाचा घाम वाळून पांढरा पट्टा आलेला असतो. बेल्ट मोठा होतो म्हणून मागून सेफ्टी पिन. छातीवरची नावाची पट्टी भलत्याच नावाची. एकदा मी विचारलं की दादा, सीनमध्ये मला शिंदे म्हणतात आणि पट्टीवर दुसरंच नाव आहे, तर असिस्टंट म्हणाला "तुमच्यापर्यंत फोकस येत नाही". खरं होतं ते, बघितला नंतर एपिसोड, नव्हता आला.

आणि पैसे नव्वद दिवसांनी. कॅरेक्टर लहान असो की मोठं, नव्वद दिवस. त्यात मालिका मधेच बंद पडली तर प्रॉडक्शनचा फोनच बंद. असे दोन चेक माझे अजून यायचेत. तोच एपिसोड दुपारी रिपीट, रात्री रिपीट, ॲपवर कायमचा पडलेला. मला शून्य.

उंटावरचा_शहाणा

बापरे. धन्यवाद हवालदारसाहेब. हाच माझा मुद्दा होता, मला तो मांडता आला नाही. तिकडच्या यशाच्या गोष्टी इकडे आणताना तिकडची व्यवस्था तिकडेच राहते.

एडिसनचा_पक्या

थांबा थांबा. अमेरिकेचा स्वर्ग करून टाकला तुम्ही. मी न्यूजर्सीत राहतो, सोळा वर्षं, इथली दुसरी बाजू पण ऐका.

२०२३ च्या उन्हाळ्यात नटांचा संप झाला, १४ जुलै ते ९ नोव्हेंबर, ११८ दिवस. आमचं ऑफिस तेव्हा टाइम्स स्क्वेअरपासून दोन ब्लॉकवर. २५ जुलैला जेवायच्या सुट्टीत खाली आलो तर रस्ता अडवलेला, सगळे काळे टी-शर्ट, पाट्या, आणि स्टेजवर तुमचा क्रॅन्स्टन. वितळत होतो उन्हात. डिस्नेच्या बॉब आयगरला नाव घेऊन सुनावत होता की तुम्ही आमच्याकडे वेगळ्या चष्म्यातून बघता ते माहित्ये, पण आमची कामं काढून रोबोटला देऊ देणार नाही. आवाज तोच हो, वॉल्टर व्हाइटचा, अंगावर काटा आला. माझ्या शेजारी एक बाई उभी होती, साठीची असेल, म्हणाली मी १९८८ पासून युनियनमध्ये आहे आणि गेल्या वर्षी विम्यापुरतंसुद्धा कमावलं नाही. तेव्हा त्या विम्यासाठी वर्षाला साधारण २६ हजार डॉलर अभिनयातून मिळवायला लागायचे आणि ८५ टक्क्यांहून जास्त नटांना तेवढेही मिळत नाहीत असं संपात सगळे सांगत होते. दीड लाखाच्या वर सभासद आहेत, करा हिशोब. स्ट्रीमिंग आल्यापासून तर रिपीटचे पैसे म्हणजे कधी कधी काही सेंटचे चेक, लोक फ्रेम करून लावतात भिंतीवर.

आणि हे रिपीटचे पैसे कुणी प्रेमाने दिलेले नाहीत. सिनेमे टीव्हीवर दाखवायला लागले तेव्हा १९६० ला नटांनी काम बंद केलं होतं, आणि युनियनचा अध्यक्ष कोण, तर रोनाल्ड रेगन! पुढे हाच माणूस राष्ट्राध्यक्ष झाल्यावर संपावरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांना घरी पाठवतो. असो, तो वेगळा धागा. सांगायचं काय, तुम्ही संघटित का होत नाही?

तिसरा_हवालदार

पक्याभाऊ, एडिसनमध्ये बसून हे विचारायला काही वाटत नाही का? संघटना आहेत, कार्ड आहे माझ्याकडे, पैसे भरून काढलंय. तक्रार केली होती एकदा. तक्रार केलेल्या माणसाचं नाव कोऑर्डिनेटर लोकांच्या ग्रुपवर फिरतं. चार महिने फोन आला नाही. तुमच्याकडे ११८ दिवस काम बंद ठेवलं, आम्ही ११८ मिनिटं ठेवलं तर माझ्या जागी जीपजवळ दुसरा उभा राहतो, वर्दी त्याला माझ्यापेक्षा बरी बसते.

एडिसनचा_पक्या

चुकलं बोलायला. पण मी इथं बसून बोलतो म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही.

तिसरा_हवालदार

खोटा नाही म्हटलं. स्वस्त आहे म्हटलं.

शंकासुर

माहितीसाठी: आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराईट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क करारात सोडून देताच येणार नाही असं केलंय. म्हणजे कायदा होऊ शकतो. मालिकेतल्या हवालदारासाठी कुणी भांडलं नाही, एवढंच.

सकारात्मक_सचिन

विषय क्रॅन्स्टन होता. कुठे नेऊन ठेवला! पगार, युनियन, रेगन. हे आपलं नेहमीचं आहे, कुणी चांगलं सांगायला गेलं की आपण व्यवस्थेच्या नावाने गळे काढतो आणि घरी बसतो. त्या माणसाने काय केलं ते बघा की. तो सांगतो की ऑडिशनला मी काम मागायला जात नाही, काम करून दाखवायला जातो, दाखवलं की विषय संपला, मिळणं न मिळणं माझ्या हातात नाही. ही वृत्ती घ्यायला कुठली युनियन लागते? शहाणे यांच्या दाजींमध्ये निदान धमक होती. ज्यांच्यात नसते ते धागे काढतात.

उंटावरचा_शहाणा

झालं? धमक?

माझ्या ताईने मंगळसूत्र गहाण टाकलंय मागच्या ऑक्टोबरात. ते सोडवायला मी पीएफमधून पैसे काढलेत. भाचीला दहावीला ८९ टक्के आहेत आणि ती मला विचारते मामा, डिप्लोमा केला तर लवकर नोकरी लागते का. ही धमक कुणाची म्हणायची, सांगा. तुमचे लाईक मोजून झाले असतील तर सांगा.

क्रॅन्स्टनची वृत्ती वगैरे ठीक आहे, पण ब्रेकिंग बॅड कसं मिळालं ते लिहा की पोस्टमध्ये. एएमसी चॅनेलवाले नाहीच म्हणत होते, त्यांना दिसत होता माल्कममधला चड्डीतला बावळट बाप. मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन, त्याने त्यांना एक्स-फाइल्सचा तो १९९८ चा भाग काढून दाखवला, जो त्यानेच लिहिला होता, ज्यात क्रॅन्स्टन एक तिरसट, डोक्यात जाणारा माणूस आहे आणि तरी आपल्याला त्याची दया येते. समजा त्या आठवड्यात दुसऱ्याच नटाला घेतलं असतं तर? तर आज तुमचा हिरो "तो माल्कमचा बाप" म्हणून सुखाने रिटायर झाला असता आणि त्याच्यातही काही वाईट नव्हतं!!

आण्णा_मिरजकर

शहाणे, जरा पाणी प्या. सचिनराव, तुम्हीपण. "धमक" हा शब्द मागे घ्या, घरातल्या बाईमाणसाचा दागिना गेलाय.

पण मी सचिनच्या बाजूने बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. माझे वडील बँकेत कॅशियर. बत्तीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत काम केलं, मिरजेला शाळेच्या हॉलमध्ये रात्री आठनंतर तालमी, मी लहानपणी तिथंच बाकावर झोपायचो. दोनदा अभिनयाचं प्रमाणपत्र. मुंबईचे परीक्षक म्हणाले होते, या आमच्याकडे. नाही गेले. तीन बहिणींची लग्नं होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले आणि दुसऱ्या महिन्यात आईला न सांगता पुण्याला एका मालिकेच्या ऑडिशनला गेले. तिथल्या विशीतल्या मुलीने सांगितलं, काका, एवढ्या मोठ्याने नका बोलू, माईक आहे. पुन्हा बोलले, पुन्हा आवाज चढला. चाळीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेला माणूस, त्याला हळू बोलताच येईना. रात्रीच्या एसटीने परत आले. हे मला त्यांनी सांगितलं नाही, ते गेल्यावर त्यांच्या डायरीत सापडलं, एक ओळ, "आवाज मोठा होतो म्हणाले."

डॉक्टर लागूंनी १९६९ ला चाललेली प्रॅक्टिस सोडली, चाळिशी ओलांडलेली. तेव्हाही लोक वेडा म्हणालेच असतील. प्रत्येकाला मिळेल असं नाही, पण न जाण्याचीसुद्धा किंमत असते आणि ती कुठल्या हिशोबात दिसत नाही.

उंटावरचा_शहाणा

आण्णा, तुमच्या वडिलांचं वाचून गप्प बसावंसं वाटलं. तरी बोलतो. लागूंकडे परतीला डॉक्टरकी होती. अशोक सराफ दहाएक वर्षं स्टेट बँकेत होते, नाटक करत करत, हात बसल्यावर मग सोडली नोकरी. तुमच्या वडिलांनी तीन बहिणींची लग्नं लावली. माझ्या दाजींनी बायकोचं मंगळसूत्र नेलं. आता सांगा.

आण्णा_मिरजकर

सांगण्यासारखं काही नाही. दोन्ही खरं आहे.

रसायन_बाई

एक गोष्ट सुचली, शहाणे यांनी बापाचं लिहिलं होतं त्यावरून. वॉल्टर व्हाइट सुरुवातीला कसा चालतो आठवा. खांदे पडलेले, पाठीला बाक, जणू सगळ्या आयुष्याचं ओझं घेतलंय. ती चाल क्रॅन्स्टनने स्वतःच्या बापाची घेतलीय, त्यानेच सांगितलंय मुलाखतीत. ती मिशी, ते बिस्किटाच्या रंगाचे कपडे, सुटलेलं पोट, ह्यातलंही बरंच त्याने स्वतः सुचवलेलं, की हा माणूस भिंतीत मिसळून गेला पाहिजे. बाप घर सोडून गेला, आणि त्याच बापाची पाठ ह्याने उचलून आणली नि जगाला दाखवली. माफ केलं की सूड घेतला मला कळत नाही. मी हे वर्गात कधी बोलू शकत नाही म्हणून इथं लिहिलं.

तिसरा_हवालदार

बाई, हे माहित नव्हतं. आता परत बघायला लागेल.

मी त्याचा एकच सीन पुन्हा पुन्हा बघतो. दुसऱ्या सीझनमध्ये वॉल्टरच्या साथीदाराची मैत्रीण जेन झोपेत गुदमरते तो. वॉल्टर आधी धावतो तिच्याकडे, अंग पुढे गेलेलं असतं, आणि मग थांबतो. थांबल्यावर काही करत नाही. नुसता उभा. डोळे भरून येतात आणि मग हळूहळू चेहऱ्यावरून सगळं निघून जातं. संवाद नाही एकही. क्रॅन्स्टन सांगतो की तिच्या जागी एक क्षण त्याला स्वतःची मुलगी दिसली. मी घरी आरशासमोर करून बघितलं, मला तीन सेकंदांच्या वर काही न करता उभं राहता येत नाही, हात खाजवायला जातो, घसा साफ करतो. आणि अकरा वर्षं मी नुसतं उभं राहायचेच पैसे घेतोय 😄

त्याची ती मुलगी, टेलर, आता 'द पिट' मालिकेत डॉक्टरचं काम करते, चांगलं करते.

कोल्हापुरी_ठसका

म्हणजे आजोबा नट, बाप नट, पोरगी नट. आणि सचिन म्हणतोय शून्यातून आला. घ्या नेपोटिझम.

सकारात्मक_सचिन

आजोबाने घर बुडवलं हे वरच लिहिलंय, त्याला नेपोटिझम म्हणणारा तूच पहिला.

बरं. "धमक" मागे घेतो, ताईंचं माहित नव्हतं. आणि "अपयशी" शब्द काढून "फारसा प्रसिद्ध नसलेला" करतो माझ्या पोस्टमध्ये, ५२ चं ५१ पण करतो, शंकासुरांची झोप उडायला नको. बाकी पोस्ट राहील. चार लोकांनी मेसेज करून सांगितलंय की बरं वाटलं वाचून, त्यांचं काय करू?

उंटावरचा_शहाणा

"फारसा प्रसिद्ध नसलेला माणूस ५१ व्या वर्षी जास्त प्रसिद्ध झाला." टाका, बघू किती लाईक येतात.

हवालदारसाहेब, एक खरंच विचारायचं होतं, टोमणा नाही. नव्वद दिवसांचा चेक असेल तर मधे माणसं जगतात कशावर? दाजींना विचारलं की ते विषय बदलतात.

तिसरा_हवालदार

मी रात्री रिक्षा चालवतो, मित्राची आहे, शिफ्टवर. एक जण सोसायट्यांचे हिशोब लिहितो. एक वडापावच्या गाडीवर. बऱ्याच जणांच्या बायका नोकरी करतात. आणि काही जण मेव्हण्याच्या पैशावर 🙂

उंटावरचा_शहाणा

पोचलं.

तिसरा_हवालदार

गंमत केली हो. दाजींना कुणी काम सांगितलं आणि आधी पैसे भरा म्हणाला तर भरू नका म्हणावं, कार्ड काढून देतो, पोर्टफोलिओ करून देतो, सगळं खोटं. आणि ताईंना फोन करत जा म्हणावं, लाज वाटते म्हणून माणूस करत नाही, मलाही वाटायची. आता पडतो, उद्या सातचा कॉल आहे. ह्या वेळी वॉर्डबॉय, स्ट्रेचर ढकलायचं आहे, तोंडाला मास्क.

कोल्हापुरी_ठसका

मास्क? मग चेहरा कसा दिसणार राव.

तिसरा_हवालदार

दिसणार नाही. पण वर्दी नाही, कपडे धुतलेले असतात हॉस्पिटलच्या सीनला.

शंकासुर

वर माल्कमचा उल्लेख आला म्हणून: अंगभर मधमाश्या घेतलेला सीन पहिल्याच सीझनचा आहे. माश्या खऱ्या होत्या.